सेन्सिटिव्हिटी लावताना : गोव्यातल्या प्रयोगशाळेत नव्याने रुजू झालेल्यांसाठी

मेरोपेनेम या अँटिबायोटिकच्या डिस्कभोवतीचा झोन (जिथे जंतू वाढत नाही ते वर्तुळ) २३ मिलिमीटर भरला तर क्लेब्सिएला या जंतूपुढे आपण 'एस' (सेन्सिटिव्ह, औषध चालतं) लिहितो, १९ भरला तर 'आर' (रेझिस्टंट, चालत नाही). मधलं अंतर चार मिलिमीटर, उकड्या तांदळाच्या एका दाण्याहून कमी. आयसीयूमधल्या पेशंटचं मेरोपेनेम चालू ठेवायचं, की ते थांबवून कोलिस्टिनसारखं मूत्रपिंडांना जड जाणारं औषध सुरू करायचं, हे त्या दाण्याएवढ्या जागेवर ठरतं.

दरवर्षी पावसाच्या सुमारास आमच्याकडे नवी मुलं-मुली येतात. कोणी डिचोलीची, कोणी पेडण्याची, कोणी सावंतवाडी-बेळगावहून आलेली. पुस्तक त्यांना पाठ असतं. पण प्लेट लावताना नेमकं काय बिघडतं आणि बिघडलेली प्लेट दिसायला अगदी चांगली कशी दिसते, हे पुस्तकात सापडत नाही. पहिल्या पंधरवड्यात त्यांना जे सांगते, तेच इथे लिहून काढते आहे. भर डिस्क डिफ्युजनवर, म्हणजे जंतू पसरलेल्या प्लेटवर औषधाच्या कागदी चकत्या ठेवून झोन मोजण्यावर, आहे. मोठ्या ठिकाणी व्हायटेकसारखी यंत्रं आली असली तरी डिस्कची पद्धत हातात बसलेली असावीच लागते. यंत्राने विचित्र उत्तर दिलं की पडताळायला पुन्हा याच पद्धतीकडे यावं लागतं.

नमुना कुठून आला, किती वाजता आला

कल्चर आणि सेन्सिटिव्हिटीचं काम, म्हणजे नमुन्यातला जंतू वाढवून त्यावर कोणतं औषध चालतं ते बघणं, प्लेटपासून सुरू होतं असं नव्यांना वाटतं. ते बाटलीपासून सुरू होतं. काणकोणहून लघवीचा नमुना निघाला, पावसात करमल घाटात गाडी अडकली, तर इथे पोचेपर्यंत दोन तास सहज उलटतात. साध्या डब्यातली लघवी बाहेरच्या उष्णतेत दोन तासांपेक्षा जास्त राहिली की चार-दोन जंतूंचे हजारो होतात आणि आपण आजारच नसलेल्या माणसाच्या 'इन्फेक्शन'ची सेन्सिटिव्हिटी लावत बसतो. उशीर होणार असेल तर डबा बर्फाच्या पिशवीसोबत यायला हवा. फ्रिजमध्ये ती चोवीस तास टिकते, बोरिक अॅसिडच्या डब्यातही टिकते. पाठीच्या कण्यातलं पाणी मात्र कधीही फ्रिजमध्ये ठेवू नका. मेंदुज्वराचे काही जंतू थंडीने मरतात.

म्हणून नोंदवहीत नमुना आल्याची वेळ लिहाच, शिवाय तो घेतल्याची वेळही विचारा. कागदावर नसेल तर वॉर्डात फोन करा. सिस्टरना राग येईल, येऊ दे. त्याच फोनवर दुसरा प्रश्न विचारायचा: अँटिबायोटिक आधीच सुरू झालंय का? रक्ताच्या कल्चरच्या बाटल्या औषधाच्या पहिल्या डोसाआधी घेतलेल्या असाव्यात, मोठ्या माणसाच्या प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त असावं आणि वेगवेगळ्या जागी टोचून निदान दोन संच असावेत. एकाच बाटलीत, तेही तीन दिवसांनी, त्वचेवरचा स्टॅफिलोकॉकस उगवला तर तो बहुधा सुईबरोबर आलेला असतो. त्याची सेन्सिटिव्हिटी लावून व्हँकोमायसिनचा कोर्स पेशंटच्या गळ्यात मारायचा नाही.

मधुमेह्याच्या पायाच्या जखमेवरून वरवर फिरवलेला स्वॅब हा असाच गंडवणारा नमुना. त्यात चार-पाच प्रकारचे जंतू उगवतात आणि प्रत्येकाची सेन्सिटिव्हिटी लावायचा मोह होतो. जखम सलाईनने धुऊन आतलं ऊतक किंवा पू मागवा. मिळाला नाही तर 'मिश्र वाढ, नमुना पुन्हा पाठवावा' असं लिहिणं हेही पूर्ण उत्तर आहे.

एकटी कॉलनी

सेन्सिटिव्हिटी लावायची ती शुद्ध वाढीवरच. ब्लड अगर किंवा मॅकॉन्की या जंतू वाढवायच्या माध्यमांवर सुट्या पडलेल्या, दिसायला एकसारख्या तीन ते पाच कॉलनी उचलायच्या. दोन जंतू मिसळलेल्या प्लेटवर झोन दिसतोही छान, मोजताही येतो, पण तो कोणाचा हे सांगता येत नाही. आदल्या दिवशीच्या ताज्या वाढीवर काम करा, फ्रिजमध्ये आठवडाभर पडलेल्या प्लेटवर नको.

जंतू कोणता हे कळल्याशिवाय डिस्क निवडू नका. काही जंतू काही औषधांना जन्मतःच दाद देत नाहीत. क्लेब्सिएला अँपिसिलिनला देत नाही. प्रोटियस नायट्रोफ्युरँटॉइनला देत नाही, कोलिस्टिनलाही नाही. सेराशियाही कोलिस्टिनला देत नाही. एंटरोकॉकसवर कोणतंही सेफॅलोस्पोरिन चालत नाही. ही यादी पाठ करा. क्लेब्सिएलापुढे अँपिसिलिन 'एस' आलं तर औषधाबद्दल काहीच सिद्ध होत नाही, ओळख चुकली किंवा प्लेटमध्ये दुसरं काही घुसलं एवढंच कळतं. अशी न जुळणारी उत्तरं हे तुम्हाला मिळणारे सर्वांत चांगले इशारे आहेत.

प्लेट आणि आपला पाऊस

म्युलर-हिंटन अगर, जाडी ४ मिलिमीटर, पीएच ७.२ ते ७.४. आपल्याकडच्या ९० मिलिमीटरच्या प्लेटला साधारण २५ मिलिलिटर माध्यम लागतं. अंदाजाने ओतू नका. अगर जाड झाला की औषध खोलवर जातं आणि झोन लहान येतो, पातळ झाला की मोठा येतो. टेबल एका बाजूला कललेलं असेल तर एकाच प्लेटच्या दोन कडांना वेगवेगळी उत्तरं येतात. मी नव्या मुलांना बॅचमधली एक प्लेट कापायला लावते, पट्टी उभी धरून जाडी मोजायला लावते. एकदा स्वतःच्या हाताने मोजली की ओतताना हात आपोआप थांबतो.

आता पावसाचं. जून ते सप्टेंबर इथे हवेतच एवढं पाणी असतं की प्लेटच्या झाकणाला आतून थेंब लटकतात. ओल्या पृष्ठभागावर जंतू एकसारखे पसरत नाहीत, औषधाचं वर्तुळ फाटतं, डिस्क सरकते. प्लेट वापरण्याआधी ३५ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये झाकण किंचित उघडं ठेवून दहा ते तीस मिनिटं वाळवा. पृष्ठभाग ओलसर असावा, पण त्यावर पाण्याचा थेंब दिसता कामा नये. उलट मे महिन्यात एसीच्या झोताखाली ठेवलेल्या प्लेटा कडेने आक्रसतात. त्या टाकून द्या.

डिस्कची कुपी

इथे जरा जास्त थांबते. माझी स्वतःची एक चूक याच कुपीत झाली होती.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं, जुलै महिना. त्या प्रयोगशाळेचं नाव घेत नाही. आयसीयूमधल्या एका बाईंच्या रक्तात क्लेब्सिएला उगवला. इमिपेनेमचा झोन १७ आला. मी 'आर' लिहिलं, सही झाली, रिपोर्ट गेला आणि डॉक्टरांनी कोलिस्टिन सुरू केलं. आठवड्याचा क्वालिटी कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेल्या जंतूवर डिस्क तपासणं, सोमवारी लावायचा होता, तो कामाच्या रेट्यात गुरुवारवर गेला. गुरुवारी ई. कोलाय एटीसीसी २५९२२ वर तीच इमिपेनेमची कुपी वापरली. झोन २६ ते ३२ च्या दरम्यान यायला हवा, आला २१. मी कुपी उजेडात धरली. आतली सिलिका जेलची निळी खडी पूर्ण गुलाबी झाली होती. आठवडाभर आम्ही ती कुपी फ्रिजमधून काढून तशीच थंड उघडत होतो. प्रत्येक वेळी बाहेरची दमट हवा आत जाऊन डिस्कवर दव धरत होती आणि पाण्याने इमिपेनेम विरत होतं. नवी कुपी घेऊन त्याच क्लेब्सिएलाची प्लेट पुन्हा लावली. झोन २६. एस. तोवर बाईंना कोलिस्टिनचे तीन दिवस झाले होते आणि क्रिएटिनीन चढू लागलं होतं. औषध लगेच बदललं, त्या बऱ्या होऊन घरी गेल्या. मी ते २१ आजही विसरलेले नाही.

तर कुपीचे नियम. न उघडलेला साठा उणे २० अंशांवर ठेवा. आठवड्याला लागेल तेवढाच खाली आणून २ ते ८ अंशांवर ठेवा. वापरण्याआधी कुपी बंदच ठेवून तास-दोन तास बाहेर काढा. काचेला बाहेरून दव असेपर्यंत झाकण उघडायचं नाही. काम झालं की लगेच शोषकासह बंद करून परत फ्रिजमध्ये. इमिपेनेम आणि क्लॅव्युलॅनिक अॅसिड असलेल्या डिस्क सर्वांत नाजूक, त्यांच्यावर जास्त लक्ष ठेवा. उघडल्याची तारीख कुपीवर लिहा. वीज गेली आणि फ्रिज किती वेळ बंद होता हे कोणालाच माहीत नसेल, तर आधी क्वालिटी कंट्रोल लावा, पेशंटची प्लेट नंतर.

मॅकफारलँड, आणि तीन वेळा पंधरा मिनिटं

कॉलनी निर्जंतुक सलाईनमध्ये घोळवून ०.५ मॅकफारलँडइतकी गढूळ करायची. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये सुमारे पंधरा कोटी जंतू. पांढऱ्या कार्डावरच्या काळ्या रेषांसमोर आपली नळी आणि प्रमाणनळी शेजारी शेजारी धरून बघा. प्रमाणनळी आधी हलवून घ्या, बेरियम सल्फेट तळाशी बसलेलं असतं. ही बारीक गोष्ट विसरली जाते आणि सगळी प्लेट चुकते. बसलेल्या नळीशी तुलना केली की आपलं मिश्रण गढूळ वाटतं, आपण त्यात सलाईन ओततो, जंतू कमी पडतात, झोन फुगतो आणि रेझिस्टंट जंतू सेन्सिटिव्ह दिसतो. जंतू जास्त झाले तर याच्या उलट होतं. स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर ६२५ नॅनोमीटरवर ०.०८ ते ०.१३ शोषण यायला हवं. डोळ्यावर विसंबण्यापेक्षा ते बरं.

इथून घड्याळ सुरू. मिश्रण तयार झाल्यापासून पंधरा मिनिटांत स्वॅब बुडवायचा, नळीच्या आतल्या बाजूला दाबून फिरवत जास्तीचं पाणी काढायचं आणि प्लेटवर ओढायचा. प्लेट साठ अंशांनी फिरवत तीन दिशांनी ओढा, शेवटी कडेने एक फेरी मारा. घरी अंगण सारवताना जसा कुठे उघडा पट्टा राहू देत नाही, तसा इथेही राहता कामा नये. तीन ते पाच मिनिटं मुरू द्या, पण पंधराच्या आत डिस्क ठेवा. डिस्क ठेवल्यावर पुन्हा पंधरा मिनिटांच्या आत प्लेट इन्क्युबेटरमध्ये गेली पाहिजे. डिस्क लावून चहाला गेलात, तर जंतू वाढायला लागायच्या आधीच औषध पसरत राहतं आणि झोन खोटा मोठा येतो.

९० मिलिमीटरच्या प्लेटवर पाचच डिस्क. मध्यापासून मध्यापर्यंत निदान २४ मिलिमीटर अंतर. 'सहावी बसते' म्हणून बसवू नका, झोन एकमेकांत घुसले की एकही मोजता येत नाही. डिस्क चिमट्याने हलकेच दाबा. एकदा अगरला टेकली की औषध पसरायला लागतं, त्यामुळे वाकडी पडली तरी उचलून दुसरीकडे ठेवायची नाही. प्लेटा उलट्या करून ३५ अंशांवर १६ ते १८ तास ठेवा, साधी हवा पुरते. न्यूमोकॉकससारखे थोडे अपवाद सोडले तर कार्बन डायऑक्साईड नको. त्याने माध्यम आंबट होतं आणि जेंटामायसिन, एरिथ्रोमायसिनसारखी औषधं कमजोर दिसतात. एमआरएसए (मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस) शोधायचा असेल तर तापमान ३५ च्या वर चढू देऊ नका, त्याचा रेझिस्टन्स उष्णतेत लपतो.

झोन मोजणं

सकाळी प्लेट हातात घेतल्यावर आधी मोजपट्टी उचलू नका. आधी नुसतं बघा. वाढ सलग गालिच्यासारखी आहे का? सुट्या सुट्या कॉलनी दिसत असतील तर जंतू कमी पडले, प्लेट बाद. झोन गोल आहेत का? मगच मोजा.

काळ्या, न चमकणाऱ्या पार्श्वभूमीवर प्लेट उलटी धरून, समोरून पडणाऱ्या उजेडात, मागच्या बाजूने मोजा. व्हर्नियर कॅलिपर सर्वांत चांगला. डिस्कचा स्वतःचा व्यास, म्हणजे ६ मिलिमीटर, मापात धरायचा असतो, त्यामुळे झोन अजिबात नसेल तर ० नाही, ६ लिहायचे. कडा म्हणजे नुसत्या डोळ्यांना जिथे वाढ दिसायची थांबते ती जागा. भिंगाने दिसणाऱ्या बारीक कॉलनींच्या मागे लागू नका. प्रोटियस झोनच्या आत पातळ पडद्यासारखा सरपटत येतो, तो पडदा सोडून द्यायचा. को-ट्रायमॉक्साझोलभोवतीची विरळ धूसर वाढही सोडायची. पण झोनच्या आत चांगल्या टपोऱ्या कॉलनी उभ्या असतील तर त्या सोडायच्या नाहीत. त्या उचला, शुद्ध करा, ओळख पटवा, सेन्सिटिव्हिटी पुन्हा लावा. बऱ्याचदा पेशंटच्या अंगातली रेझिस्टंट टोळी पहिल्यांदा तिथेच दिसते. एंटरोकॉकसभोवतीचा व्हँकोमायसिनचा झोन मात्र पूर्ण चोवीस तासांनी, मागून येणाऱ्या उजेडात धरून बघा. आत नुसतं धुकं दिसलं तरी तो रेझिस्टन्स.

नव्या मुलांकडून हमखास होणारी चूक म्हणजे दोन औषधांच्या झोनची तुलना. 'मॅडम, सिप्रोचा २५ आहे आणि नायट्रोफ्युरँटॉइनचा १७, मग सिप्रोच चांगलं ना?' नाही. ई. कोलायसाठी नायट्रोफ्युरँटॉइनला १७ म्हणजे एस, सिप्रोफ्लॉक्सासिनला २५ म्हणजे आय (इंटरमीडिएट, मधलं). प्रत्येक औषधाचा रेणू वेगळा, डिस्कमधली मात्रा वेगळी, अगरमध्ये सरकायची गती वेगळी. त्यामुळे झोन फक्त त्याच औषधाच्या, त्याच जंतूच्या तक्त्याशी ताडायचा.

तो तक्ताही या वर्षीचा हवा. १९६६ मध्ये बाऊर, किर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत एका साच्यात बसवली, तेव्हापासून सगळा डोलारा या आकड्यांवर उभा आहे, पण आकडे बदलत राहतात. सीएलएसआय या अमेरिकी मानक संस्थेचा तक्ता दरवर्षी नवा निघतो. २०१९ च्या आधी ई. कोलायला सिप्रोफ्लॉक्सासिनचा २१ मिलिमीटर झोन आला तर एस लिहायचे. २०१९ पासून त्याच २१ ला आर. भिंतीवर चिकटवलेला जुना, पिवळा पडलेला तक्ता पेशंटचं किती नुकसान करू शकतो ते यावरून समजून घ्या. पहिल्याच दिवशी तक्त्यावरचं साल बघा. जुना असेल तर वरिष्ठांना सांगायला कचरू नका. आणि सीएलएसआय व युकास्ट (युरोपची अशीच समिती) यांचे आकडे एकमेकांत मिसळू नका. युकास्टमध्ये २०१९ पासून 'आय'चा अर्थच 'वाढीव मात्रेत चालेल' असा आहे.

जिथे साधी डिस्क पुरत नाही

स्टॅफिलोकॉकस ऑरियसमध्ये एमआरएसए शोधायचा तो सेफॉक्सिटिन ३० मायक्रोग्रॅमच्या डिस्कने. २१ किंवा कमी आला तर एमआरएसए, २२ किंवा जास्त आला तर नाही. मात्र रिपोर्टमध्ये सेफॉक्सिटिन लिहायचं नाही, त्यावरून ऑक्सासिलिनचा निकाल लिहायचा. त्याच प्लेटवर एरिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिनच्या डिस्क १५ ते २६ मिलिमीटर अंतरावर शेजारी ठेवा. क्लिंडामायसिनचा झोन एरिथ्रोमायसिनच्या बाजूला चपटा होऊन इंग्रजी डी अक्षरासारखा दिसला, तर तो कितीही मोठा असो, क्लिंडामायसिन आर. हा चपटेपणा एकदा डोळ्यांत बसला की विसरत नाही.

ऑरियससाठी व्हँकोमायसिनची डिस्क मुळीच लावू नका. तिला चांगला आणि वाईट जंतू वेगळे ओळखता येत नाहीत. त्यासाठी एमआयसीच काढावी लागते. एमआयसी म्हणजे जंतूची वाढ थांबवणारी औषधाची सर्वांत कमी मात्रा.

ई. कोलाय, क्लेब्सिएला यांच्यात ईएसबीएल (सेफॅलोस्पोरिन फोडणारं विकर) बघायला सेफ्टाझिडीम आणि सेफ्टाझिडीम-क्लॅव्युलॅनिक अॅसिड अशा दोन डिस्क लावा. दुसरीचा झोन पहिलीपेक्षा ५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा आला तर ईएसबीएल. मेरोपेनेम-इमिपेनेमच्या कार्बापेनेम गटाला दाद न देणारा जंतू सापडला तर तो औषध फोडणारं विकर बनवतो का, हे एमसीआयएम या स्वस्त चाचणीने कळतं. दोन मिलिलिटर ट्रिप्टिक सोय ब्रॉथमध्ये एक मायक्रोलिटरची लूप भरून जंतू घोळवा, त्यात मेरोपेनेमची डिस्क चार तास ३५ अंशांवर बुडवून ठेवा, मग ती काढून ई. कोलाय २५९२२ पसरलेल्या प्लेटवर ठेवा. दुसऱ्या दिवशी झोन ६ ते १५ आला तर जंतूने डिस्कमधलं औषध खाऊन टाकलंय. १९ किंवा जास्त आला तर नाही. मधलं उत्तर आलं किंवा झोनमध्ये टिपके दिसले तर वरिष्ठांना दाखवा. फार सामग्री लागत नाही, आणि डॉक्टरांना त्या माहितीवरून पुढचं औषध निवडता येतं. छोट्या प्रयोगशाळांनीही ही चाचणी लावावी असं माझं ठाम मत आहे.

कोलिस्टिनसाठी ई. कोलाय, क्लेब्सिएलासारख्या जंतूंवर एकच साधी डिस्क लावून एस-आर लिहू नका. रेणू मोठा आहे, अगरमध्ये नीट सरकत नाही. पट्टीवरची एमआयसीही फसवते. ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (औषधाच्या चढत्या मात्रांच्या द्रव माध्यमात एमआयसी काढणं) करा किंवा ती होते तिथे जंतू पाठवा. २०२० पासून सीएलएसआयच्या तक्त्यात कोलिस्टिनला 'एस' हा रकानाच नाही, एमआयसी २ पर्यंत असेल तर आय आणि ४ पासून पुढे आर. औषध एवढं बेभरवशाचं, तरी शेवटचं म्हणून जपायचं. म्हणून तर भारत सरकारने २०१९ मध्ये कोंबड्या आणि इतर खाद्य जनावरांना ते द्यायला बंदी घातली.

पावसाळ्यातला एक वेगळा पाहुणा

किनारपट्टीवर काम करणाऱ्याला हे माहीत हवं. मेलिओइडोसिसचा जंतू, बर्खोल्डेरिया स्युडोमॅलिआय, ओल्या मातीत आणि शेतातल्या पाण्यात राहतो. पावसाळ्यात मधुमेह असलेली माणसं त्याने गंभीर आजारी पडतात. पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः उडुपी-मणिपालच्या बाजूला, त्याचे पेशंट नियमित सापडतात. प्रयोगशाळेत तो 'स्युडोमोनास जातीचा' किंवा 'कंटॅमिनंट' म्हणून कचऱ्यात जातो. त्याची खूण सेन्सिटिव्हिटीच्या प्लेटवरच दिसते. ऑक्सिडेज पॉझिटिव्ह ग्रॅम निगेटिव्ह दांडके, जेंटामायसिनला झोन नाही, कोलिस्टिनलाही नाही, पण को-अमॉक्सिक्लॅव्हला चांगला झोन. स्युडोमोनासमध्ये को-अमॉक्सिक्लॅव्ह कधी चालत नाही. ग्रॅममध्ये सेफ्टी पिनेसारखी दोन टोकं रंगलेली दिसली की संशय पक्का करा.

संशय आला त्या क्षणी प्लेट बंद करा, वास घेऊ नका, पुढचं काम बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच करा आणि लगेच वरिष्ठांना सांगा. भाताच्या खाचरात काम करणारा, साखर वाढलेला, तापाने फणफणलेला माणूस वॉर्डात योग्य औषधाविना पडलेला असू शकतो.

क्वालिटी कंट्रोल

गुरुवारच्या त्या २१ नंतर हे वेगळं पटवायला नको. ई. कोलाय २५९२२, स्टॅफिलोकॉकस ऑरियस २५९२३ आणि स्युडोमोनास एरुजिनोसा २७८५३ हे तीन जंतू तुमच्या कामाचे साक्षीदार. आधी रोज लावायचं, नियमाप्रमाणे सलग उत्तरं बरोबर आली की आठवड्याला एकदा. डिस्कची नवी लॉट, माध्यमाची नवी बॅच आली की पुन्हा, पेशंटवर वापरण्याआधी. दोन आकडे उदाहरणादाखल: ई. कोलायवर जेंटामायसिनचा झोन १९ ते २६, ऑरियसवर सेफॉक्सिटिनचा २३ ते २९.

आकडे नुसते वहीत उतरवून थांबू नका, आलेखावर टिंब काढा. मर्यादेत असलेला झोन रोज अर्धा-अर्धा मिलिमीटर खाली सरकत असेल तर आकड्यांत ते दिसत नाही, टिंबांत दिसतं. मर्यादेबाहेर गेला तर त्या औषधाचे त्या दिवसाचे सगळे रिपोर्ट थांबवा. सगळी औषधं एकदम बिघडली तर जंतूंचं प्रमाण, माध्यम किंवा तापमान बघा. एकच बिघडलं तर कुपी बघा.

रिपोर्ट

लावलेलं प्रत्येक औषध रिपोर्टवर छापायचं नसतं. साधं औषध एस असेल तर भारी औषधं दाखवू नयेत, नाहीतर हात आपसूक भारीकडेच जातो. नायट्रोफ्युरँटॉइन फक्त लघवीच्या जंतूला, रक्तातल्या नाही. फुप्फुसाच्या नमुन्यावर डॅप्टोमायसिन नाही, तिथलं सर्फॅक्टंट त्याला निकामी करतं. टायफॉईडच्या जंतूला जेंटामायसिन प्लेटवर एस दिसतं आणि पेशंटमध्ये काम करत नाही, म्हणून लिहायचंच नाही.

शंका असेल ती ओळ रिकामी ठेवा आणि पुढे 'पुन्हा तपासणी चालू' असं लिहा. एक दिवस उशिरा गेलेलं बरोबर अक्षर चालतं. रक्तातला किंवा पाठीच्या पाण्यातला जंतू, एमआरएसए, कार्बापेनेमला न जुमानणारा जंतू यांची वाट कागदावर बघू नका. वॉर्डात फोन करा, कोणाला सांगितलं त्यांचं नाव आणि वेळ वहीत लिहा, आणि ऐकणाऱ्याला वाचून दाखवायला सांगा. फोनवर 'एस' आणि 'एफ', 'रेझिस्टंट' आणि 'सेन्सिटिव्ह' यांचा गोंधळ होतो. मी तर सरळ मराठीत किंवा कोंकणीत सांगते: हे औषध चालतं, हे चालत नाही.

मग प्लेटा. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर, कचऱ्यासाठी निदान अर्धा तास, इंडिकेटर पट्टीचा रंग बदलला की नाही ते बघूनच बाहेर. पण टाकण्याआधी रक्तातले आणि विचित्र उत्तर दिलेले जंतू ग्लिसरॉल ब्रॉथमध्ये घालून खोल फ्रिजमध्ये ठेवा. कुपीवर पेशंटचा नंबर, तारीख आणि जंतूचं नाव पेन्सिलीने लिहा, शाई दवाने पुसली जाते. शुक्रवारी संध्याकाळी वॉर्डातून फोन येतो, 'ताप उतरत नाही, परवाच्या जंतूला अजून एक औषध लावून बघाल का?' तेव्हा ती कुपी काढून त्याच रात्री जंतू वाढायला घालता येतो आणि ताजी वाढ आली की प्लेट लावता येते.